पातीला हात लावायचा नाही!

…आणि वर मलाच विचारतात हो, फाटकावर कोपरं टेकवून, पान चघळत, 'काय अक्का, यंदा कांदे कसे झाले?' कसे झाले म्हणजे? तुमच्या नाकाखाली पोसले, तुमच्या डोळ्यांदेखत निघाले, आणि तुमच्याच देखत गाडीत बसून गेले! गेले म्हणजे विकले नाहीत, चोरीला गेले नाहीत, सडले तर मुळीच नाहीत. गेले. नटूनथटून गेले. आता कुठे गेले आणि का गेले ते ऐकायचं असेल तर नीट बसा, ती खुर्ची डुगडुगते, भिंतीला टेकवून घ्या, आणि मधे बोलू नका. मधे बोललेलं मला चालत नाही. आमच्या ह्यांना विचारा. नको, ह्यांना नका विचारू. हे गप्प बसतात. आणि हे गप्प बसतात तिथंच तर सगळं पाणी मुरलं!

तर आमचे व्याही, प्रेमराजभाऊ. सोनगीरचे. माझ्या सुनेचे, दिपमालाचे वडील. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर सुनेच्या कानावर गेलं तर दोन दिवस वरणात मीठ पडत नाही. पण गर्व! लोकांना पोराचा असतो, बंगल्याचा असतो, ह्यांना कांद्याचा. मुलगी दाखवायच्या दिवशीसुद्धा अर्धा वेळ मळ्यातल्या कांद्याचंच चाललेलं, मला कळेना की सून पाहायला आलोय की बियाणं. बरं, लग्न झाल्यापासून दर आखाजीला, अक्षय तृतीयेला हो, हा माणूस लेकीला माहेरी न्यायला स्वतः मुराळी होऊन येतो. चांगलं आहे! आमच्या खानदेशात आखाजीला दारात मुराळी दिसला नाही की सासुरवाशिणीच्या घशाखाली घास उतरत नाही. यावं, लेकीला न्यावं, झोके द्यावेत, पाठवावी परत. पण हे येताना कांद्याची गोणी आणणार, ती माझ्या ओट्यावर धाडकन आपटणार आणि त्या टोकाच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं ओरडणार, 'ल्या ताई! शहरमा असा कांदा कोठे भेटस!'

जसं काही आम्ही जळगावचे लोक कांदा म्हणून मोजे चावतो!

दरवर्षी ऐकून घेतलं. मी! ऐकून घेतलं! पण मागल्या आखाजीला ताटावर बसलेले असताना मी म्हटलं, 'भाऊ, पुढच्या वर्षी गोणी आणू नका. घरामागे जागा पडलीय, मीच लावते कांदा.' तर हा माणूस इतका हसला, इतका हसला, की आमरसाची वाटी लवंडली. आणि डोळे पुसत म्हणतो काय, 'ताई, कांदाले रान लागस, रान! आंगनमा कोथमीर लावो!' आणि हसले हो सगळे. आमचा शेजारी लीलाधर, त्याला जेवायला बोलावलं होतं कोणी? वास घेत आलेला! तोही तोंडात पुरणपोळी धरून हसला.

मग मी उठले. म्हटलं, 'भाऊ, ऐका. पुढच्या आखाजीला मुराळी म्हणून याल ना, तेव्हा माझ्या अंगणातला कांदा तुमच्या ताटात असेल. आणि तो खाऊन तुम्ही ह्याच ओट्यावर, ह्याच आवाजात, हात जोडून म्हणायचं, ताई, कांदा तुमचा खरा. आणि नाही आला कांदा, तर मी हात जोडीन. आणि मरेपर्यंत तुमची गोणी मुकाट्यानं डोक्यावर घेऊन आत नेईन.'

बोलून बसले. आता तुम्हाला सांगते, मी हात जोडणारी बाई नाही. सासूपुढे जोडले नाहीत. देवापुढे जोडते, तेही जरा सैलच, त्याला उगाच वाटायला नको. शाळा म्हणाल तर पहूरला चौथीपर्यंत, पुढे मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. बाकी सगळं माझं मी शिकले. शिवणयंत्र माझी मी, सायकल माझी मी, मोबाइल माझी मी. सून शिकवायला बसली होती, तिलाच दोन गोष्टी सांगून उठवलं. मग कांदा काय मोठा कलेक्टर लागून गेला?

लागून गेलाय, बरं का. कांदा कलेक्टरच आहे. कोथिंबीर गरीब, टाकलं बी की उगवते बिचारी. मेथी त्याहून गरीब. कांद्याचे नखरे ऐका. आधी बी टाकायचं, त्याचं रोप करायचं, मग ते रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावायचं, म्हणजे ह्याचंही लग्न लावून सासरी पाठवल्याशिवाय हा पोसत नाही! दिवाळीच्या सुमाराला मी गादीसारखा उंच वाफा केला, चाळलेलं शेणखत घातलं, ओळीत बी टाकलं. उगवलं. सुईसारखं, बारीक, मान वाकवून. मला तर असं झालं की ओवाळावं.

आणि मग आमच्या ह्यांनी पाणी सोडलं.

आता आमचे हे म्हणजे ज्ञानेश्वरराव, सगळी कॉलनी नाना म्हणते. अख्खी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात झाली. काम काय? व्हॉल्व्ह. उघडायचा. बंद करायचा. पुन्हा उघडायचा. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण हाताची खाज गेली नाही. सकाळी उठले की नळ. चहा झाला की नळ. पेपर वाचून झाला की नळ. मी ओरडायची, 'अहो, रोप आहे ते, म्हैस नाही!' हे म्हणायचे, 'अगं, तहानलेलं दिसलं.' कोण दिसलं? कुठून दिसलं? रोप जीभ काढून बसलं होतं का?

व्हायचं तेच झालं. रोप पिवळं पडलं, बुडातून कुजलं, एकेक करत आडवं व्हायला लागलं. आणि नेमकी तेव्हाच पहूरला माझ्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन. जाणं भाग. जायच्या आधी मी त्या रोपावर बंबातली राख भुरभुरली, आणि चांगला दम भरला. हसू नका, झाडाला कळतं. म्हटलं, 'मी येईपर्यंत उभे राहिला नाहीत ना, तर वाफ्यासकट उलथून टाकीन.' आणि गेले.

आठवड्यानं परत येऊन बघते तर काय… व मायऽ! उभं! सगळं रोप ताठ, हिरवंगार, बोटाएवढं जाड, आणि खोटं कशाला बोलू, मी सोडून गेले होते त्याच्यापेक्षा चक्क दाट! मी तिथंच वाफ्याजवळ फतकल मारून बसले. राखेचा गुण! सगळ्या कॉलनीला हाका मारून दाखवलं. समोरच्या रूपानं तर माझं बघून तिच्या गुलाबाला राख घातली, आणि तिचा गुलाब मेला. मी म्हटलं, 'तुझ्या राखेत दम नाही.' आणि मी एवढं राखेचं पुराण लावलेलं असताना आमचे हे काय करत होते? चहात बिस्किट बुडवून गप्प! दिपमाला काय करत होती? अचानक आत जाऊन भांडी घासत होती. घासलेलीच! तेव्हा… तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. पण नाही. राख डोक्यात गेली होती ना माझ्या.

असो. मी पहिलं काम काय केलं, तर मागल्या नळाची मूठ काढून घेतली आणि कमरेला खोचली. मग लावणी केली. एकटीनं. चार चार बोटांवर एक रोप, फार खोल नाही, खोल पुरलं की कांदा लांबुळका होतो, मुळ्यासारखा. पौषात पात अशी माजली, अशी माजली, की वारा आला की सळसळ आवाज यायचा. आणि तुम्हाला सांगते, संकट तिथून सुरू झालं. कारण पौष म्हणजे काय? थंडी. आणि जळगावात थंडी म्हणजे काय?

भरीत!

आता हे मी तुम्हाला काय सांगायचं. इथे थंडी पडली की माणसं स्वेटर नंतर काढतात, वांगी आधी आणतात. हिरवी, पांढुरकी, तान्ह्या बाळाएवढी वांगी, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, लाकडानं ठेचायची, आणि वरून घालायची काय? कांद्याची पात! मूठ मूठ! लोकांच्या गावात कांदा पेरला की कांदा निघेपर्यंत वाट बघतात हो. आमच्याकडे हिरवं टोक दिसलं की ह्यांच्या डोळ्यांपुढे भरीत दिसतं. खाली कांदा धरायचाय ह्याचं कोणाला काही नाही. ह्या मुलखात घरामागे कांदा लावणं म्हणजे… म्हणजे लग्नघराच्या अंगणात जिलेबी वाळत घालणं!

पहिला आला लीलाधर. हा आमच्या कॉलनीच्या भरीत पार्टीचा अध्यक्ष. कोणी केला? कोणी नाही. स्वतःच. फाटकात उभा राहून गोड आवाज काढतो, 'अक्का… मूठभर. नुसती मूठभर. दिसणारसुद्धा नाही.' म्हटलं, 'लीलाधर, पातीला हात लावायचा नाही!' 'अहो, देवाचा नैवेद्य आहे. मारुतीच्या ओट्यावर पार्टी आहे ना, पहिला घास मारुतीला.' म्हटलं, 'मारुतीला सांग, आखाजीला ये, भरलेला कांदा देते. आणि त्याला घाई असेल तर त्यानं स्वतः यावं, डोंगर उचलणाऱ्याला पात उपटायला तुझी मदत कशाला?'

मग आली रूपा. ती शास्त्र घेऊन आली. 'अक्का, मी काय म्हणते, केस कापले की कसे जोमानं वाढतात, तशी पात कापली की उलट कांदा जोमानं…' म्हटलं, 'रूपा, बाई माझी, मग नाक कापून बघ. जोमानं येतं का ते बघू, मग पातीचं बोलू.'

अहो, कांदा खातो कशानं? पातीनं! त्याचं तोंड वर आहे आणि पोट खाली आहे, माणसासारखंच, फक्त त्याला अक्कल आहे. एकेक पात खाली जाऊन एकेक पापुद्रा होते. जेवढी पात, तेवढे पापुद्रे. एक पात तोडली की आतला एक थर गेला. हे मी कोणाकडून शिकले? कोणाकडून नाही! पात धरून खाली खाली सोलत गेले, एक कांदा बळी दिला, आणि बघितलं. त्याच दिवशी पत्र्याच्या डब्याचं झाकण घेतलं, चुन्यानं लिहिलं, आणि वाफ्यात रोवलं: 'पातीला हात लावायचा नाही. लावल्यास हात परत मिळणार नाही. हुकमावरून, यशोदाबाई.' लोक फोटो काढायला यायचे. काढा! फोटोला पात लागत नाही.

आणि एवढं सगळं करून, एका दुपारी मी दळण घेऊन परत येते, तर कडेच्या ओळीची पात गेलेली! सरळ कापलेली. एका रेषेत. म्हणजे बकरी नाही. बकरी कात्री वापरत नाही. मी दळणाचा डबा तिथंच ठेवला आणि सरळ मारुतीच्या ओट्यावर गेले. तिथं जाळ पेटलेला, लीलाधर ठेचतोय, बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापताहेत, सगळी कॉलनी पत्रावळी धरून बसलेली. मला बघून अशी शांतता झाली की वांगं फुटल्याचा आवाज ऐकू आला. लीलाधरच्या पत्रावळीतून मी चिमूटभर भरीत उचललं, उजेडात धरलं. 'ही पात कुठली?' 'बाजारातली, अक्का.' 'बाजारातली? बाजारातली पात अशी रसरशीत असते? लीलाधर, मी हिला रोज सकाळी नावं ठेवत मोठं केलंय, मला ओळखू येणार नाही?' आणि तेवढ्यात माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. एक माणूस पाठमोरा. पत्रावळ पोटाशी लपवलेली. गप्प!

'अहो!'

'अगं… ते… शेंडेच कापले नुसते.'

नवरा! स्वतःचा नवरा! दीपनगरला एवढा मोठा वीजकारखाना ह्यांच्या भरवशावर सोडला होता सरकारनं! मी तिथं काय काय बोलले ते सांगत नाही, मारुतीनं ऐकलंय, त्याला विचारा. आणि तुम्ही म्हणाल, मग अक्का, भरीत टाकून आलात? टाकून का येऊ? पात माझीच होती! चांगलं पोटभर जेवले आणि मग रागानं निघून आले.

पण त्या दिवसापासून खुर्ची वाफ्याजवळ. मी, खुर्ची आणि काठी. हे चहा आणून द्यायचे, लांबूनच, काठीच्या टप्प्याबाहेर ठेवायचे. थंडी सरली, भरीत संपलं, होळी आली आणि मग ती मजा सुरू झाली जी ह्या भरीतखाऊ लोकांनी जन्मात बघितलेली नाही. माती तडकली. आणि त्या भेगेतून कांदा वर यायला लागला, गुलाबी, गोल, एकेक खांदा काढत. कांदा मातीत बसत नाही हो, मातीवर बसतो, पाटावर बसल्यासारखा. तर रूपानं काय करावं? मी जरा आत गेले, तर ही वाकून सगळ्या कांद्यांवर माती लोटतेय! 'अगं काय करतेस?' 'अक्का, उघडे पडले होते बिचारे.' म्हटलं, 'पडू दे! कांद्याला लाज नसते! त्याचं पोट सुटतंय ते सुटू दे, तुझ्या नवऱ्याचं सुटलं तेव्हा माती लोटायला गेली होतीस का?'

मधेच दोनचार कांद्यांनी डेंगळे काढले, म्हणजे मधून दांडा आणि त्यावर फुलांचा गेंद. ह्यांना कौतुक, 'अगं बघ, किती सुंदर फूल!' सुंदर! फुलला की कांदा गेला, आतून नुसतं लाकूड राहतं. लीलाधर रिटायर झाल्यावर केस रंगवून फिरायला लागला तसंच ते, वरून बहर आणि खाली काही नाही. खुडले मी डेंगळे आणि भाजीत घातले.

पाडव्यानंतर पाणी तोडलं. पात पिवळी पडली, माना मोडून आडवी झाली. हे धावत आले, 'अगं, मेले! पाणी! नळाची मूठ कुठंय?' म्हटलं, 'मेले नाहीत, पिकले. कांद्याची मान पडली की तो तयार झाला. माणसाची नाही पडत, म्हणून तुम्ही अजून तसेच.' आणि काढले. काय सांगू तुम्हाला… एकेक कांदा मुठीत मावेना. पातीसकट सुकवले, आधी उन्हात, मग सावलीत. आणि पात कापायची नाहीच म्हणून तीच सुकी पात एकात एक गुंफून वेण्या घातल्या. लांबच लांब. ओट्याच्या आढ्याला टांगल्या. संध्याकाळचं ऊन पडलं की अशा चमकायच्या, नव्या नवरीच्या कानातल्यासारख्या. जो येईल तो वर हात करायचा, आणि मी आतून ओरडायची, 'पातीला हात लावायचा नाही!' आता पात वाळलेली होती हो. पण सवय.

आणि आखाजीच्या आदल्या दिवशी प्रेमराजभाऊ आले.

गाडीतून उतरले, गोणी खांद्यावर, ओट्यापाशी आले, तोंड उघडलं, 'ल्या ताई, शहरमा असा…' आणि वर बघितलं. आणि गोणी आपटली नाही. हळूच ठेवली. तिथंच मी अर्धी जिंकले. कॉलनी जमलेलीच होती, कोणाला बोलावणं नव्हतं, सगळे आले होते. ताट वाढलं. शेवभाजी, भाकरी, आणि मधोमध माझा कांदा, अख्खा. सुरी दिली नाही. शेतकरी माणसाला सुरी देणं म्हणजे अपमान. भाऊंनी कांदा भाकरीशेजारी ठेवला, मूठ वळली आणि एक बुक्की! असा फुटला, असा फुटला, की पुढच्या रांगेतल्या रूपाचे डोळे चुरचुरले. फोड तोंडात टाकली. चावली. डोळे मिटले. सगळी कॉलनी त्यांच्या जबड्याकडे बघतेय. माझ्या छातीत असं धडधडतंय जसं दहावीचा निकाल, आणि मी तर दहावी बघितलेलीही नाही.

'ताई,' म्हणाले, 'कांदा एक नंबर.'

लीलाधरनं टाळी वाजवली. मी पदर सारखा केला, म्हटलं, 'मग उठा भाऊ. हात जोडा.'

तर ते उठले नाहीत. दुसरा कांदा मागितला. उलटा केला. बूड बघितलं. मानेशी वास घेतला. सोनारासारखा फिरवला. आणि म्हणतात काय, 'पन ताई, हाऊ कांदा ते आमना शे!'

'तुमचा? तुमचा कसा?'

'रोप आमच्या मळ्यातलं. हे बी मी घरी धरतो, तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे नाही. विचारा नानांना.'

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे नळाकडे बघत होते. दिपमालाकडे बघितलं. ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती. गप्प! दोघंही गप्प!

'आई,' सून म्हणाली, 'तुम्ही पहूरला गेल्या होत्या ना… तेव्हा रोप सगळं मेलं. नानांनी पाणी जास्त… म्हणजे थोडंसं जास्त… आणि मग ते घाबरले. दोन दिवस जेवले नाहीत. मग मीच सोनगीरला फोन केला.' आणि हे, माझे नवरे, आयुष्यात कधी एकट्यानं भाजी आणायला गेले नाहीत, हे एसटीनं सोनगीरला गेले, ओल्या पोत्यात रोप गुंडाळून मांडीवर घेऊन आले, आणि लावून मोकळे झाले! 'तू राखेचं एवढं सांगत होतीस,' हे म्हणतात, 'म्हटलं, कशाला मन मोडा.'

कॉलनीत असा हशा पिकला म्हणून सांगू! रूपा तर ओरडली, 'अक्का, माझा गुलाब!' आणि प्रेमराजभाऊ गोणीवर थाप मारत, मिशीतल्या मिशीत हसत, माझ्या हातांकडे बघतायत. आता जोडणार म्हणून. आता जोडणार म्हणून!

मी जोडते होय?

म्हटलं, 'थांबा. हसा नंतर. भाऊ, रोप तुमचं, मान्य. पण रोप म्हणजे कांदा नव्हे. गवताच्या काडीएवढं तुम्ही दिलंत, पोसलं कोणी? नळाची मूठ कमरेला खोचून कोण फिरलं? पातीसाठी साक्षात मारुतीशी कोण भांडलं? ही तुमची दिपमाला, तीही तुमच्याच मळ्यातून आली ना? मग आता ती कुठली? रेशनकार्डावर कुठली? भांडण झालं की कोणाच्या बाजूनं बोलते? सासरची! तशीच ही कांद्याची जात. जन्मली माहेरी असेल, नांदली माझ्याकडे. नांदेल त्या घरची! बोला, खोटं आहे?'

काय टाळ्या पडल्या! बायकांनी तर उभं राहून! लीलाधरनं शिट्टी मारली, ह्या वयात. दिपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं, कांद्याचं असेल. आणि प्रेमराजभाऊंनी पाणी प्यायलं, तांब्या खाली ठेवला, उठले, ओट्याच्या कडेला आले आणि हात जोडले. खरंच जोडले हो! त्याच आवाजात म्हणाले, 'ताई, कांदा तुमना. सासरना. मी हरनू!'

जिंकले! देवाशपथ, त्या क्षणी मला वाटलं, आता मरण आलं तरी चालेल, फक्त उद्या पुरणपोळी झाल्यावर यावं.

आणि मग तो माणूस चप्पल घालता घालता शांतपणे म्हणाला, 'म्हणजे लेक आमची, नांदतेय तुमच्याकडे. बरोबर ना ताई?'

'बरोबर!'

'सगळ्यांनी ऐकलं ना?'

'ऐकलं!' लीलाधर ओरडला. मेला!

'मग उद्या आखाजी,' भाऊ म्हणाले, 'आणि मी कशाला आलोय? मुराळी म्हणून. एका लेकीला नेऊ आणि बाकीच्यांना ठेवू?' आणि हात वर केला, आणि पहिली वेणी आढ्यावरून उतरवली!

'पातीला हात…' माझ्या तोंडून निघालं, पण पुढचे शब्द येईनात. काय बोलणार? सांगा, काय बोलणार? सगळी कॉलनी बघतेय, आत्ताच टाळ्या घेतल्यात, आणि आखाजीला दारात आलेल्या मुराळ्याला रिकामं पाठवू? यशोदाबाईनं सासुरवाशिणींना माहेरी पाठवलं नाही म्हणून जन्मभर ऐकू? माझ्याच तोंडानं मी कांद्याचं लग्न लावून दिलं होतं! भाऊ एकेक वेणी उतरवत होते, दिपमाला मागच्या सीटवर एकेक निजवत होती, आणि रूपा, ती नालायक, आतून हळदीकुंकू घेऊन आली. लावलं! कांद्यांना! आणि मी, मी स्वतः, काय करू, रीत आहे, वाटेत ऊन लागेल म्हणून वरून माझं जुनं धुवट लुगडं पांघरलं. गाडी निघाली तेव्हा आमच्या ह्यांनी हात हलवला. गप्पच!

ओट्यावर राहिलं काय? मोकळं आढं. आणि गोणी. सोनगीरची. उचलून आत नेली मी, कमरेवर. डोक्यावर नाही! डोक्यावर हरल्यावर न्यायची ठरली होती. मी जिंकले होते.

आठवड्यानं दिपमाला परत आली. एकटी. मी फाटकाशीच विचारलं, 'आणि बाकीच्या?' तर म्हणते, 'आई, आमचे बाबा रोज जेवताना एकीला फोडतात, आणि म्हणतात, काय गुणाची लेक नांदवली ताईंनी.'

तर असे झाले हो यंदा कांदे. छान झाले. माहेरी आहेत, सुखात आहेत, येत नाहीत. आता पुन्हा वाफा केलाय, बीसुद्धा पडलंय, आणि ह्या वेळी मी पहूरला जाणार नाही, बहिणीला सांगितलंय, दुसरा डोळा पुढच्या वर्षी कर. बी कुठलं म्हणता? बाजारात चांगलं मिळेना, तेव्हा दिपमाला कुठूनसं घेऊन आली. कुठून आणलंस म्हणून मी तिला विचारलं.

गप्प बसली. सासऱ्यासारखी.